संगीताची वर्गणी आणि घराची हद्द

गाणें ऐकणाऱ्यानें गाण्याचें मोल द्यावें, हा व्यवहार जुना आहे. परंतु तें मोल एका माणसानें द्यावयाचें, एका घरानें द्यावयाचें, कीं साऱ्या गांवानें मिळून द्यावयाचें, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीस नव्यानें सोडवावा लागला आहे. आज मासिक वर्गणी भरून हवें तें गाणें हवें तेव्हां मोबाइलवर ऐकण्याची जी सोय झाली आहे, तिला स्ट्रीमिंग असें म्हणतात. अशा अनेक सेवांच्या करारनाम्यांत एक लहानसें कलम असतें. कुटुंबासाठीं म्हणून घेतलेली वर्गणी जीं माणसें वाटून घेतील, त्यांनीं एकाच पत्त्यावर राहिलें पाहिजे, असा त्या कलमाचा आशय. वाचतांना तें साधें वाटतें. परंतु रायगड जिल्ह्यांतील पेण आणि रोहा या दोन गांवांच्या बाजूनें तें वाचून पाहिलें, म्हणजे त्याच्या पोटांत केवढा प्रश्न दडला आहे हें ध्यानांत येतें. ज्या प्रदेशांत कित्येक पिढ्या कुटुंबाची चूल गांवीं आणि मिळकत मुंबईस राहिली, तेथें घर म्हणजे चार भिंती कीं घर म्हणजे माणसें, याचा निकाल पत्त्यावरून लागत नाहीं.

ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्यापूर्वीं या भागांत गाणें ऐकावयाचें तें बहुधा देवळांत, उत्सवांत किंवा पालखीपुढें. रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या सुमारास निघते, तेव्हां तिच्यापुढें वाजणाऱ्या वाद्यांचें मोल रस्त्यांत उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी मागत नाहीं. कीर्तनाचाही न्याय असाच. आख्यान संपतां संपतां आरतीचें तबक श्रोत्यांतून फिरे. ज्याच्या कनवटीस जें असेल तें तो त्यांत टाकी, आणि ज्यानें कांहींच टाकलें नाहीं त्याला उठवून लावण्याची रीत नव्हती. या व्यवस्थेंत ऐकणारा मोजला जात नसे. मोजली जाई ती कीर्तनकाराची बिदागी. तबकांत कमी पडलें तर देवस्थानानें किंवा गांवांतील चार संपन्न गृहस्थांनीं तें पुरें करावयाचें. श्रोता मोकळा राहावा आणि गाणाराही रिकाम्या हातानें परतूं नये, अशा दोन गोष्टी या रीतींत एकत्र नांदत होत्या. संगीताच्या वर्गणीचा पुढील सर्व इतिहास म्हणजे याच दोन गोष्टींची सांगड पुन्हां पुन्हां घालण्याचा खटाटोप होय.

इ. स. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहर जान इत्यादि गायिकांचे आवाज त्यानें मुद्रित करून घेतले. १९०८ सालीं कलकत्त्यासच तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि तबकड्या हळूहळू देशाच्या कानाकोपऱ्यांत जाऊन पोंचल्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. यंत्र किल्लीनें चाले, त्याला विजेची गरज नसे. त्यामुळें मुंबईच्या दिवाणखान्यांत तें जसें वाजे तसेंच कोंकणांतल्या ओटीवरही वाजे. येथें संगीताचें मोल एकदांच, दुकानांत, वस्तूच्या रूपानें दिलें जाई. पुढें ती तबकडी दहा माणसांनीं ऐकली, शेजाऱ्यानें चार दिवस नेली, किंवा मुंबईचा मुलगा सुट्टींत येतांना ती पेटींत घालून घेऊन आला, तरी कंपनीला त्याचा पत्ता लागण्याचें साधन नव्हतें, आणि त्याची तिला पर्वाही नव्हती. तबकडी झिजली कीं नवी घ्यावी लागे, एवढाच काय तो निर्बंध.

हा सरळ व्यवहार रेडिओनें बदलून टाकला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें २३ जुलै १९२७ रोजीं झालें. वरळी येथील प्रक्षेपकाची शक्ति अवघी दीड किलोवॉट होती, आणि त्याचा आवाज खात्रीनें ऐकूं येण्याचा टापू सुमारें तीस मैलांचा मानला जाई. नकाशावर वरळीपासून तीस मैलांचें वर्तुळ काढून पाहावें. पेण सरळ रेषेंत सुमारें पंचवीस मैलांवर असल्यामुळें त्या वर्तुळाच्या आंत पडतें. रोहा सुमारें त्रेचाळीस मैलांवर, म्हणून बाहेर राहतें. सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरांवरून लहरी परावर्तित होऊन दूरवर जातात, त्यामुळें रात्रीं रोह्यासही एखादें गाणें ऐकूं येण्याचा संभव होता. परंतु ज्याच्यावर भरवसा ठेवतां येत नाहीं, त्याचे पैसे भरावयास मन घेत नाहीं.

यांत एक विपरीत योगही होता. त्याच १९२७ सालीं टाटांचें भिरा येथील वीजकेंद्र सुरू झालें. ज्या मुळशीच्या धरणासाठीं शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या व ज्याच्या विरुद्ध सेनापति बापट सत्याग्रहांत उतरले, त्या धरणाचें पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून भिऱ्यास उतरे, तेथें यंत्रें फिरवी आणि मग कुंडलिका नदींतून रोह्यावरून वाहत समुद्रास मिळे. वीज मुंबईस जाई. पाणी रोह्याच्या दारावरून गेलें, वीज मुंबईच्या गिरण्यांत गेली, आणि त्या मुंबईचें गाणें मात्र रोह्यापर्यंत भरवशानें पोंचेना. संगीताच्या वांटणींत गांवाची जागा कोणती, हें ठरविणाऱ्या गोष्टी अनेकदां गांवाच्या हातीं नसतात, त्याचें हें एक उदाहरण होय.

रेडिओचें मोल परवान्यानें वसूल होई. यंत्र बाळगणाऱ्यानें वर्षाला दहा रुपये भरून टपाल कचेरींतून परवाना घ्यावयाचा आणि त्यांतील आठ रुपये कंपनीनें घ्यावयाचे, अशी योजना होती. कंपनीचें अधिकृत भांडवल पंधरा लक्ष रुपयांचें असतां प्रत्यक्षांत सहा लक्षच जमले होते. परवान्यांची संख्या तीन वर्षांत आठ हजारांवरही गेली नाहीं. आठ हजार परवाने धरले, तरी आठ रुपयांप्रमाणें वर्षाचें उत्पन्न चौसष्ट हजार रुपये होतें. आणि तेवढ्यांत मुंबई व कलकत्ता येथील दोन केंद्रें, त्यांवरील गायक-वादक व तंत्रज्ञ या सर्वांचा खर्च भागवावयाचा. यंत्रें महाग, म्हणून तीं थोडीं. आणि जीं होतीं त्यांपैकीं पुष्कळ परवान्यावांचून चालत. परिणाम व्हावयाचा तोच झाला. १ मार्च १९३० रोजीं कंपनी दिवाळ्यांत निघाली, आणि १ एप्रिलपासून सरकारनें तिचें काम आपल्या हातीं घेतलें. आरतीचें तबक फिरलें, पण त्यांत पुरेसें पडलें नाहीं, आणि तें पुरें करून देणारें देवस्थानही नव्हतें. वर्गणी चुकवून ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपले दहा रुपये क्षुल्लक वाटले असतील. परंतु तसल्या दहा-दहा रुपयांच्या अभावीं एक संस्था कोसळली, हें विसरतां येत नाहीं.

या अनुभवावरून १९३३ सालीं वायरलेस टेलिग्राफीचा कायदा झाला. परवान्यावांचून यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाही अपराध ठरविणारा हा कायदा १ जानेवारी १९३४ पासून अमलांत आला. ८ जून १९३६ रोजीं सरकारी ध्वनिक्षेपण खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. परवान्यावर धारकाचें नांव असे, पत्ता असे आणि यंत्राची नोंद असे. म्हणजे सरकारच्या हिशेबीं ऐकणारा हा माणूस नसून एका पत्त्यावरचें एक यंत्र होतें. त्या यंत्रापुढें किती माणसें बसतात याची चौकशी मात्र कधीं झाली नाहीं. मुंबईच्या चाळींत एका खोलीच्या खिडकींत रेडिओ ठेवला, तर सज्जांतील सारीं बिऱ्हाडें गाणें ऐकत. आणि तें कोणी चोरी मानीत नसे.

ब्रिटनमध्यें हाच प्रश्न थोड्या निराळ्या रीतीनें सुटला होता. तेथें १९२२ पासून दहा शिलिंगांचा परवाना असे, आणि एका घरांत कितीही यंत्रें असलीं तरी त्या सर्वांना तो एक पुरे. रेडिओचा हा स्वतंत्र परवाना तेथें १९७१ सालीं बंद झाला. परंतु दूरचित्रवाणीच्या परवान्यांत घराची हीच कल्पना पुढें चालत आली, आणि तिला एक मोठी मौजेची पुरवणी जोडलेली आहे. शिक्षणासाठीं परगांवीं राहणारा मुलगा केवळ आपल्या आंतील बॅटरीवर चालणारें यंत्र वापरीत असेल, तर आईबापांच्या घरचा परवाना त्याला लागू पडतो. परंतु तेंच यंत्र त्यानें भिंतींतील विजेला जोडलें, कीं तें परकें घर ठरतें. कायद्यालाही घराची हद्द भिंतींपुरती ठेवणें अवघड गेलें आणि ती मुलाच्या पाठोपाठ थोडी ताणून न्यावी लागली, एवढें यावरून दिसतें.

पेण-रोह्याच्या लोकांना ही ताणलेली हद्द नवी नव्हती. आगबोटीनें धरमतरपर्यंत यावें व पुढें सडकेनें घर गांठावें, अशा प्रवासाच्या काळापासून येथील पुरुष मुंबईस गिरणींत, गोदींत किंवा कचेरींत काम करीत. बायकामुलें व वडील माणसें गांवीं शेत, बाग, मिठागर सांभाळीत. आणि दोहोंमधील दुवा म्हणजे टपालाची मनीऑर्डर. या जीवनानें मराठी भाषेंत दोन शब्दांचा अर्थ अगदीं निरनिराळा करून ठेवला आहे. मुंबईंत असतें तें बिऱ्हाड, आणि गांवीं असतें तें घर. मुंबईच्या खोलींत तीस वर्षें काढलेला माणूसही सुट्टी लागली म्हणजे "घरीं जातों" असेंच म्हणे. बिऱ्हाडें चार असूं शकतात. घर एकच असतें. आजचा करारनामा ज्याला घर म्हणतो, तें या भाषेंत वास्तविक बिऱ्हाड होय.

हा केवळ बोलण्याचा प्रकार नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरा टीकेवर आधारलेल्या हिंदु कायद्यांत, केवळ निराळें राहिल्यानें किंवा निराळें जेवल्यानें कुटुंब विभक्त झालें असें ठरत नाहीं. विभक्त होण्याचा उद्देश स्पष्ट दिसावा लागतो. आयकराच्या कायद्यानेंही अविभक्त हिंदु कुटुंब हा एक स्वतंत्र करदाता मानला, आणि त्याच्या सभासदांनीं एका छपराखालीं राहावें अशी अट घातली नाहीं. हा कायदा हिंदूंपुरता खरा. परंतु एका कुटुंबाचीं दोन बिऱ्हाडें असणें हा अनुभव या किनाऱ्यावरील सर्व जातिधर्मांच्या लोकांचा आहे. जमीनजुमल्याच्या व कराच्या बाबतींत जें तत्त्व मान्य झालें, तें गाण्याच्या वर्गणीच्या बाबतींत अमान्य कां व्हावें, असा प्रश्न यांतून सहजच उभा राहतो.

स्वातंत्र्याच्या वेळीं देशांत ऑल इंडिया रेडिओचीं अवघीं सहा केंद्रें होतीं. त्यानंतरच्या दशकांत रेडिओ महाराष्ट्राच्या खेड्यांत शिरला तो बहुतांशीं सामुदायिक यंत्राच्या रूपानें. १९५६ सालीं पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें शेतकऱ्यांसाठीं श्रोतृमंडळांचा एक प्रयोग केला. मुंबई राज्याच्या पांच जिल्ह्यांतील दीडशें गांवें त्यांत घेतलीं होतीं. कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, त्यांत नव्हता. प्रत्येक गांवीं मंडळींनीं एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवाव्या, अशी योजना होती. यंत्र एक, परंतु श्रोते अनेक. आणि मोल सार्वजनिक. तबकाची जुनी रीतच येथें नव्या वेषांत आली होती.

त्याच सुमारास एका कार्यक्रमानें घरगुती यंत्रांनाही देवळाची कळा आणली. ग. दि. माडगूळकरांनीं लिहिलेलें व सुधीर फडके यांनीं स्वरबद्ध केलेलें गीतरामायण पुणें केंद्रावरून १९५५ च्या एप्रिलपासून सुमारें वर्षभर प्रसारित झालें. त्यांत ५६ गीतें होतीं. यंत्रास हार घालून, उदबत्ती लावून शेजारीपाजारी ऐकावयास बसत, अशा आठवणी महाराष्ट्रभर सांगितल्या जातात. परवाना एका गृहस्थाच्या नांवाचा, आणि ओटीवर बसलेलीं माणसें पांच घरचीं. कायद्याचें घर आणि ऐकण्याचें घर हीं दोन निराळीं असून दोन्ही सुखानें नांदूं शकतात, हें त्या वर्षीं अनेक ओट्यांवर दिसून आलें.

अर्थात् एका यंत्राची अडचणही होती. निवड एकच, आणि ऐकणारीं तोंडें अनेक. डॉ. बा. वि. केसकर मंत्री असतां १९५२ पासून ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं, तेव्हां तरुण मंडळी रेडिओ सिलोनकडे वळली. आजोबांना बातम्या हव्यात, आईला भजन हवें आणि मुलांना अमीन सयानींची गीतमाला हवी, असे तंटे घरोघर होऊं लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू झाली, तेव्हां सरकारनेंच हा तंटा अर्धा मिटविला. उरलेला अर्धा ट्रान्झिस्टरनें मिटविला. १९५४ सालीं अमेरिकेंत पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस आला, आणि पुढील दोन दशकांत हें खिशांत मावणारें यंत्र भारतांतील शेताच्या बांधापर्यंत पोंचलें. ऐकणें आतां घराकडून माणसाकडे सरकूं लागलें. पत्त्यावरच्या एका यंत्राचा हिशेब ठेवणारा परवाना या चालत्या यंत्रांपुढें निरुपयोगी होत गेला, आणि १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास तो रद्द झाला. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं काढलेली कॅसेट तोंवर भारतांत घरोघर शिरली होती. तबकडी घरच्या घरीं उतरवून घेतां येत नसे, कॅसेट येई. आणि एका विकत घेतलेल्या कॅसेटीच्या दहा नकला होऊं लागल्या, तेव्हां गाणाराच्या बिदागीचा प्रश्न पुन्हां उघडा पडला.

स्ट्रीमिंगच्या सेवा आल्या त्या या पार्श्वभूमीवर. भारतांत सावन ही सेवा २००७ सालीं व गाना ही २०१० सालीं निघाली. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओ सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झालें, आणि २६ फेब्रुवारी २०१९ रोजीं स्पॉटिफाय भारतांत आली. या व्यवहारांत तबकडी नाहीं, कॅसेट नाहीं. विकत घेण्याची वस्तूच नाहीं. वर्गणी चालू आहे तोंवर गाणें ऐकण्याची परवानगी, एवढेंच ग्राहकाच्या हातीं पडतें. म्हणजे वस्तूचें मोल देण्याच्या काळांतून संगीत पुन्हां परवान्याच्या काळांत आलें. भेद इतकाच, कीं पूर्वीं परवाना सरकारचा होता, आतां तो कंपनीचा आहे.

नवा परवाना यंत्रावर नसतो, खात्यावर असतो. खातें एका माणसाचें असें गृहीत धरलेलें असतें. त्याच खात्यानें मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी, बोलका ध्वनिवर्धक अशीं अनेक यंत्रें जोडतां येतात. परंतु साध्या वर्गणींत गाणें एका वेळीं एकाच यंत्रावर चालतें. रोह्यास आजीनें पहांटे अभंग लावावा आणि त्याच खात्यावर पेणला नातवानें आपलें आवडतें गाणें सुरू करावें, तर आजीचा अभंग मध्येंच थांबतो. खेरीज, कोणाला काय आवडतें याचा अंदाज बांधून ही सेवा नवीं गाणीं सुचवीत असते. दोघांच्या ऐकण्याची खिचडी झाली, म्हणजे दोघांनाही नको तें पुढें येतें. गाणीं यंत्रांत उतरवून ठेवण्याचीही सोय असते, परंतु तिला मर्यादा असते. स्पॉटिफायच्या ज्या वर्गणींत ही मुभा आहे, तींत पांच यंत्रांवर गाणीं उतरवितां येतात, आणि तीस दिवसांतून एकदां तरी तें यंत्र इंटरनेटला जोडावें लागतें. वर्गणी अजून चालू आहे ना, हें कंपनी तेवढ्यांत पाहून घेते.

या अडचणींवर तोडगा म्हणून कुटुंबाच्या वर्गण्या निघाल्या. ॲपलची संगीतसेवा २०१५ सालीं सुरू झाली तीच सहा माणसांच्या कुटुंबवर्गणीसह. यूट्यूबच्या कुटुंबवर्गणींत प्रमुख सभासदाखेरीज आणखी पांच माणसें घेतां येतात. प्रत्येकाचें खातें निराळें, आवड निराळी, सर्वांनीं एकाच वेळीं ऐकलें तरी हरकत नाहीं. पैसे मात्र एकानें भरावयाचे, आणि ते सहा निरनिराळ्या वर्गण्यांहून पुष्कळ कमी. एका यंत्राचा जुना तंटा आणि एका खात्याची नवी खिचडी, दोन्ही यानें मिटतात. परंतु यूट्यूबच्या नियमांत सभासदांनीं प्रमुखाच्याच पत्त्यावर राहावें अशी अट आहे, आणि येथेंच कोंकणाच्या घराला ठेंच लागते.

पत्ता खरा कीं खोटा हें पडताळून पाहण्याचे प्रयत्नही झाले. २०१८ सालीं स्पॉटिफायनें कांहीं देशांत कुटुंबवर्गणीच्या सभासदांना उपग्रहाच्या आधारें आपलें ठिकाण पटवून देण्यास सांगून पाहिलें. त्यावर टीका झाली व तो प्रयोग थांबविण्यांत आला. चित्रपट दाखविणाऱ्या नेटफ्लिक्सनें तर २०२३ च्या जुलैंत भारतांत, एका घराबाहेर खातें वाटून घेण्यास बंदी केल्याचें ग्राहकांस कळविलें. परवाना तपासणारा निरीक्षक पूर्वीं दारावर येई. आतां तो यंत्राच्या आंतच बसलेला असतो.

पेण-रोह्याचें घर दरम्यान आणखी पसरलें आहे. १९८६ सालीं लोहमार्ग रोह्यापर्यंत आला, आणि १९९८ सालीं तेथूनच पुढें कोंकण रेल्वे पूर्ण झाली. धाटावच्या औद्योगिक वसाहतीनें बाहेरचीं माणसें रोह्यास आणलीं, आणि शिक्षणानें रोह्याचीं मुलें मुंबई-पुण्यास नेलीं. आईबाप रोह्यास, थोरला मुलगा नोकरीनिमित्त पेणला, मुलगी पुण्याच्या वसतिगृहांत, असें कुटुंब या भागांत मुळींच विरळा नाहीं. मुलीची फी, औषधांचा खर्च, गणपतीचा खर्च हें सर्व एकाच मिळकतींतून होतें. या चौघांनीं मिळून एक कुटुंबवर्गणी घेतली, तर करारनाम्याच्या अक्षराप्रमाणें ते एक घर नव्हेत. आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेप्रमाणें ते एकाच घरचे आहेत. उलट मुंबईंत एका सदनिकेंत भाड्यानें एकत्र राहणारे, एकमेकांचें आडनांवही क्वचित् उच्चारणारे चार तरुण मात्र करारनाम्याच्या पत्त्याच्या कसोटीस उतरतात. ज्या कसोटीनें परके घरचे ठरतात आणि घरचे परके ठरतात, ती कसोटी सदोष आहे असें म्हणावयास हरकत नसावी.

तथापि कंपन्यांच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं, असें नव्हे. या सेवांचा पैसा वांटला जातो तो बव्हंशीं एका मोठ्या सामाईक राशींतून. ग्राहकाची वर्गणी त्यानें ऐकलेल्या गायकासच थेट जाते असें नसून, सर्वांच्या वर्गण्या एकत्र होतात व एकंदर ऐकण्यांत ज्या गाण्याचा जेवढा भाग, त्या प्रमाणांत ती राशि हक्कदारांत वांटली जाते. आरतीचें तबकच तें. फक्त तें साऱ्या देशभर फिरतें. सहा माणसें ऐकूं लागलीं आणि पैसे दोघांचेच आले, तर ऐकणें वाढतें, राशि वाढत नाहीं, आणि एका ऐकण्यामागें पडणारा वांटा घटतो. भारतांत २०१२ च्या दुरुस्तीनें कॉपीराइट कायद्यांत गीतकार व संगीतकार यांचा मानधनांतील हक्क अधिक पक्का करण्यांत आला. तो हक्क कागदावर पक्का असला, तरी राशींतच कमी पडलें तर त्याचें मोल किती राहणार? १९३० सालच्या दिवाळ्याची आठवण येथें उपयोगी पडते. वर्गणी घराबाहेर, मित्रांत, मित्रांच्या मित्रांत अशी पसरत गेली, तर शेवटीं तिचा भार गाणारावर पडतो.

म्हणून हद्द हवीच. प्रश्न ती कोठें आंखावी एवढाच आहे. कायद्यानें एक हद्द आधींच आंखलेली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, राहण्याच्या इमारतींतील रहिवाशांच्या सामाईक दालनांत ध्वनिमुद्रण ऐकविणें हा हक्कभंग होत नाहीं. नफ्यासाठीं नसलेल्या मंडळाच्या कार्यक्रमासही तशीच सवलत आहे. हॉटेल किंवा तत्सम धंद्याची जागा मात्र या सवलतींत येत नाहीं. पेणजवळच्या हमरापूर, जोहे या गांवांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. कारागिरानें रंग देतांना आपल्या कानाला लावून गाणें ऐकलें, तर तें त्याच्या वर्गणींत बसतें. परंतु तीच वैयक्तिक वर्गणी दुकानांत गिऱ्हाइकांसाठीं मोठ्यानें वाजविली, तर ती आपल्या कामाबाहेर जाते, आणि त्यासाठीं हक्कदारांचा निराळा परवाना घ्यावा लागतो. धंदा आणि घर यांच्यामधील ही रेषा न्यायाची आहे, आणि ती भिंतीवरून नव्हे तर उपयोगावरून आंखलेली आहे.

कुटुंबाच्या वर्गणीचीही रेषा याच रीतीनें आंखतां येईल. सहा माणसांची वर्गणी असेल तर सहा नांवें नोंदवावीं. तीं वारंवार बदलूं देऊं नयेत. आणि त्या सहांपैकीं कोण रोह्यास झोपतो व कोण पुण्यास, याची चौकशी करूं नये. माणसें मोजल्यानें राशीस धक्का लागत नाहीं, कारण सहा ऐकणारे हे सहाच राहतात. पत्ता मोजल्यानें मात्र प्रामाणिक कुटुंबाला खोटा पत्ता लिहिण्याची पाळी येते. नियम असा असावा, कीं तो पाळणाऱ्याला खोटें बोलावें लागूं नये. ऐकणाऱ्यांच्या बाजूनेंही तेवढेंच पथ्य हवें. सातव्या माणसासाठीं सातवी वर्गणी भरावी, आणि शेजाऱ्याला गाणें ऐकवावयाचें असेल तर त्याला खात्याची किल्ली देण्याऐवजीं ओटीवर बोलवावें. ओटीवर बसणाऱ्याकडून कोणत्याही काळीं कोणी परवाना मागितलेला नाहीं.